मांडूचा तराजू आणि धातुपौष्टिक खुराक



मागचे काही भाग आपण किल्ले, तोफा आणि मोहिमा यांत घालवले. आज तराजू आणि स्वयंपाकघर. विषय तुम्हीच दिलेला आहे. गेल्या महिन्याभरात एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत बऱ्याच जणांनी पाठवला, आणि जवळजवळ सगळ्यांनी नाव न घालता. जुने राजेमहाराजे वाजीकरणाचे पदार्थ खात, त्यांत खरोखर काही दम होता का? उडीद, खारीक, मुसळी, केशर, चिमणीची अंडी, अमुक भस्म, तमुक माजून. लाजायचे काही कारण नाही. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात पहिला अध्याय रसायनाचा आणि दुसरा वाजीकरणाचा आहे. तापाची पाळी तिसऱ्या अध्यायात येते. आपल्या पूर्वजांनी हा विषय तापाच्याही आधी घेतला, तर आपणही उघडपणे बोलू.

पण उत्तर द्यायचे तर मला आधी वजनाबद्दल बोलावे लागेल. या दोन गोष्टी एकमेकींत किती गुंतल्या आहेत हे एका जागी फार स्वच्छ दिसते, आणि ती जागा म्हणजे मध्य प्रदेशातले मांडू. महूला ज्यांची पोस्टिंग झाली असेल त्यांना मांडू ठाऊक आहेच. रविवारी गाडी काढायची आणि सत्तर-एक किलोमीटरवर जहाज महाल गाठायचा. इंदूर, धार, देवासच्या मराठी घरांना तर ते अंगणातलेच. धारच्या पवारांच्या संस्थानात १९४८ पर्यंत मांडू होते. तिथे जे दोन प्रसंग घडले त्यांत सव्वाशे वर्षांचे अंतर आहे. एक ताटातला, एक तराजूतला. तराजूतला आधी घेऊ.

१६१७ साली जहांगीर बादशहा मार्चपासून ऑक्टोबरपर्यंत मांडूला तळ ठोकून होता. शाहजादा खुर्रम दक्षिणेत मलिक अंबरशी लढत होता, आणि बापाला मोहिमेच्या जवळ राहायचे होते. इंग्लंडच्या राजाचा वकील सर थॉमस रो हाही दरबाराबरोबर होता. त्याने रोजनिशी ठेवली होती, आणि तिच्यात १ सप्टेंबर १६१७ या दिवशी बादशहाच्या वाढदिवसाच्या तुलेचे वर्णन आहे. मोठी बाग, चौफेर पाणी, मधोमध तराजू. आडवी तुळई सोन्याच्या पत्र्याने मढवलेली. पारडी भरीव सोन्याची, काठाला माणिक आणि फिरोजा जडवलेले. साखळ्याही सोन्याच्या, पण त्यांना आधाराला रेशमी दोर. (हा रेशमी दोर मला फार आवडतो. शोभेचे सामान आणि भार पेलणारे सामान यांतला फरक कुणातरी कारागिराला कळत होता.)

बादशहा अंगभर हिरे-मोती घालून आला आणि पारड्यात मांडी घालून बसला. समोर चांदीच्या थैल्या. त्या सहा वेळा बदलल्या. रोला सांगण्यात आले की बादशहाचे वजन नऊ हजार रुपये भरले. मग सोने आणि जवाहिर. इथे रो लिहितो की थैल्या बंद होत्या, आत गोटे असले तरी आपल्याला काय कळणार! नंतर जरीचे कापड, रेशीम, मसाले. तेही गाठोड्यांत बांधलेले. शेवटी पीठ, लोणी, धान्य. हे सगळे दान करायचे. तुला संपल्यावर बादशहाने चांदीच्या पातळ पत्र्याचे बदाम आणि फळे उधळली, आणि मोठमोठे उमराव पोटावर पडून ती गोळा करू लागले. रो खाली वाकला नाही, तेव्हा बादशहाने एक तबक त्याच्याच झग्यात रिकामे केले.

आता हिशेब करू. मोगली रुपया साधारण ११.४ ग्रॅमचा. नऊ हजार रुपये म्हणजे १०२ किलोच्या वर. अंगावरचे दागिने, आकडा फुगवून सांगण्याची दरबारी सवय, हे सगळे वजा करा. तरीही अठ्ठेचाळीस वर्षांचा हा गृहस्थ आजच्या कुठल्याही वैद्यकीय बोर्डासमोर उभा राहिला असता तर त्याला लो मेडिकल कॅटेगरी मिळाली असती.

तुलेची चाल मोगलांनी आणलेली नाही. तुलापुरुष हे आपल्याकडच्या सोळा महादानांपैकी एक, मत्स्यपुराणात त्याचा विधी आहे. राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याने ९१५ साली कुरुंदक इथे राज्याभिषेकाच्या वेळी अशी तुला केली, हे त्याच्या ताम्रपटावरून कळते. कुरुंदक म्हणजे आपले कोल्हापूरकडचे कुरुंदवाड असे मानतात. हंपीला विठ्ठल मंदिराच्या रस्त्यावर राजाच्या तुलेची दगडी कमान आजही उभी आहे. अकबराने ही हिंदू चाल उचलली. अबुल फजलच्या 'आईन-इ-अकबरी'त तपशील आहे की सौर वाढदिवसाला बारा वस्तूंशी तुला आणि चांद्र वाढदिवसाला आठ वस्तूंशी. म्हणजे बादशहाचे वजन वर्षातून दोनदा, ठरलेल्या दिवशी, साक्षीदारांसमोर होत असे. फौजेत आमची वैद्यकीय तपासणी वर्षातून एकदा होते.

हेतू मात्र अगदी उलटा. आमच्याकडे काटा वर गेला की आरएमओ भुवया वर करतो. मोगल दरबारात काटा वर गेला की आनंद. फ्रान्सचा वैद्य बर्निए औरंगजेबाच्या दरबारात होता. तो लिहितो की बादशहाचे वजन मागच्या वर्षापेक्षा दोन पौंडांनी वाढलेले निघाले तेव्हा सगळ्या दरबाऱ्यांनी मोठा हर्ष व्यक्त केला. आणि तो औरंगजेब, जो खाण्यापिण्यात मोगलांत सर्वांत कडक! नव्वद टक्के लोकांच्या बरगड्या मोजता येत असतील अशा मुलखात अंगावर चढलेले मांस म्हणजे दौलत, आरोग्य आणि पुरुषार्थ, तिन्हींची खूण. आपण अजूनही बरेच दिवसांनी भेटलेल्या माणसाला 'तब्येत सुधारली' म्हणतो ना, तेव्हा त्याचे पोट सुटलेले असते.

याच बागेत, याच मांडूत, आता मागे जाऊ. १४६९ साली इथे माळव्याचा सुलतान गियासशाह खिलजी गादीवर आला. बापाने आयुष्यभर लढाया केल्या होत्या, मेवाडपासून दक्षिणेपर्यंत. मुलाने ठरवले की लढाया पुरे. कारभार आपल्या मुलाकडे, नासिरशाहकडे, बराचसा सोपवला आणि स्वतः खाणे, संगीत आणि जनानखाना यांत रमला. त्याच्या जनानखान्यात पंधरा हजार बायका होत्या असे जहांगीरनेच लिहून ठेवले आहे. त्यांतल्या काही पहारा करीत, काही हिशेब ठेवीत, काही कारागिरी करीत. म्हणजे ते जवळजवळ बायकांचे शहर होते. आकडा कमी करून हजारावर आणला तरी गोष्ट बदलत नाही.

या सुलतानाने एक पुस्तक लिहवून घेतले, 'नेमतनामा'. भाषा फारसी, पण पानोपानी आपल्याकडचे हिंदवी शब्द. जवळजवळ पन्नास चित्रे, आणि चित्रांत स्वतः मिशाळ सुलतान बसून स्वयंपाकावर देखरेख करतो आहे. पुस्तक त्याच्या मुलाच्या राज्यात पुरे झाले. आज ते लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. सामोसे, खिचडी, खीर, कढी, सरबते, विड्याचे प्रकार, अत्तरे, आणि शिकारीला जाताना बरोबर काय काय न्यावे याची यादी. ही यादी मी फौजी नजरेने वाचली. कुठल्याही क्वार्टरमास्टरला अभिमान वाटावा अशी आहे. आणि या सगळ्यांमध्ये, कुठलाही वेगळा पडदा न लावता, पुरुषशक्ती वाढवणाऱ्या कृती. दूध, तूप, सुका मेवा, मांस, केशर, कस्तुरी, अंबर. भाजी कशी फोडणीला टाकावी आणि शयनगृहात जोर कसा टिकवावा, दोन्ही एकाच हाताने लिहिलेले.

मोगलांच्या काळापर्यंत ही परंपरा हकीम, वैद्य आणि बबर्ची यांच्यात इतकी मिसळली होती की कुठला पदार्थ कुणाचा हे सांगणे कठीण. पण मूळ आराखडा आपल्याकडे फार जुना आहे. वाजी म्हणजे घोडा. घोड्यासारखी शक्ती यावी म्हणून वाजीकरण, आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी एक. चरकाच्या त्या अध्यायात काय आहे ते बघा. उडीद, साठीचा तांदूळ, दूध, तूप, साखर, ऊस, खजूर, द्राक्षे, शतावरी, भुईकोहळा, कुहिलीच्या बिया, गोखरू. मांसरस. चिमणी, हंस, कोंबडी, मोर आणि मगर यांची अंडी. यातल्या एका गोळीचे नावच बृंहणी गुटिका. बृंहण म्हणजे अंग भरणे, वजन वाढवणे. आपल्या मराठीत यासाठी जो शब्द वैद्यांच्या पाट्यांवर दिसतो तो 'धातुपौष्टिक'. धातू पुष्ट करणारे ते पौष्टिक. डिंकाचा लाडू बाळंतिणीला, पैलवानाला आणि नवऱ्या मुलाला एकाच डब्यातून मिळतो याचे कारण हेच. अंग भरले की शक्ती आली, ही समजूत शब्दातच पक्की बसलेली आहे.

आणि आता या विषयातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट, जी तंबूवाले कधी सांगत नाहीत. त्याच चरकसंहितेत, सूत्रस्थानाच्या एकविसाव्या अध्यायात, अतिस्थूल माणसाचे आठ दोष दिले आहेत. आयुष्य कमी होणे, हालचाल मंदावणे, दुर्बलता, घामाचा त्रास, दुर्गंधी, अति भूक, अति तहान. आणि आठवा, कृच्छ्रव्यवायता. व्यवाय म्हणजे संभोग, कृच्छ्र म्हणजे कष्टाने. लठ्ठ माणसाला तो जमत नाही, असे सरळ लिहिलेले आहे. म्हणजे एका अध्यायात अंग भरणारी गोळी आणि दुसऱ्या अध्यायात अंग फार भरले तर काय होते याचा इशारा. विरोध आहे का? नाही. चरकाने वाजीकरण सुरू करण्याआधी शरीर शुद्ध करायला सांगितले आहे, पचन चांगले असले पाहिजे अशी अट घातली आहे, आणि वयाची मर्यादाही दिली आहे. सोळाच्या आत आणि सत्तरच्या पुढे हा उद्योग नको म्हणून. शिवाय सर्व वाजीकरणांत श्रेष्ठ वाजीकरण म्हणजे मनाजोगती स्त्री, असेही त्याच अध्यायात आहे. पण ती डबीत भरून विकता येत नाही.

घोड्यावरून आठवले. आमच्या एका रेमाउंटच्या मित्राला मी एकदा विचारले होते की वळूला, म्हणजे पैदाशीच्या घोड्याला, तुम्ही हंगामाआधी काय खास चारता? तो हसला. म्हणाला, "चारण्यापेक्षा चालवतो जास्त. चरबी चढलेला स्टॅलियन घोडीजवळ उभा करून फायदा काय?" ज्या जनावरावरून वाजीकरण हे नाव पडले त्याच्या तबेल्यात हे रोजचे ज्ञान आहे.

मग हा खुराक कुणासाठी होता? माझ्या मते उत्तर साधे आहे. तो उपाशी माणसासाठी होता. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज या शास्त्रज्ञाने ३६ तरुण स्वयंसेवकांना सहा महिने अर्धपोटी ठेवले. युद्धाने उपाशी पडलेल्या युरोपला परत कसे खायला घालावे हे शोधायचे होते. त्या तरुणांचे वजन सुमारे पाव हिश्शाने घटले. आणि त्यांच्या मनातून स्त्रीचा विचार जवळजवळ नाहीसा झाला. दिवसरात्र ते जेवणाचा विचार करीत, स्वयंपाकाची पुस्तके वाचीत. खाणे परत सुरू झाले, वजन परत आले, तशी हळूहळू इच्छाही परत आली. दुष्काळ, संग्रहणी, मलेरिया यांनी वाळलेल्या माणसाला त्या काळच्या एखाद्या वैद्याने उडीद, दूध, तूप आणि साखर दिली असेल तर त्या माणसाला खरोखर फरक पडला असणार. अशा अनुभवांतूनच औषधाचे नाव झाले. आमच्या रेजिमेंटल सेंटरला भरतीला येणारी पोरे बघा. वर्षभर पोटभर लंगर आणि सकाळची पीटी मिळाली की छाती भरते, चेहऱ्यावर तेज येते, आणि सुटीवरून येताना लग्न ठरवून येतात. त्यांना कुणी मुसळी दिलेली नसते.

आखाड्यातले लोक हे जास्त चांगले जाणतात, पण ते वेगळ्या बाजूने. कोल्हापूरच्या तालमीतला खुराक आणि चरकाचा वाजीकरणाचा अध्याय शेजारी ठेवा. दूध, तूप, बदाम, खारीक, मांसरस. यादी जवळजवळ एकच! आणि तालमीचा पहिला नियम ब्रह्मचर्य. तेच पदार्थ, आणि हेतू नेमका उलटा. पैलवान तो खुराक हजारो जोर-बैठकांत जाळतो म्हणून तो त्याला मानवतो. तालीम सोडल्यावर खुराक चालू ठेवलेले पैलवान तुम्ही पाहिले असतीलच.

सुलतानाच्या ताटात तोच खुराक आला, पण ना दुष्काळ, ना जोर-बैठका. वैद्याची चूक नव्हती, पदार्थांचीही नाही. रोगी चुकीचा होता.

ज्या तीन-चार वर्षांत जहांगीर सोन्याच्या पारड्यात बसत होता, त्याच वर्षांत इटलीत आणखी एक माणूस तराजूत बसत होता. सांतोरियो सांतोरियो, पडुआ विद्यापीठातला वैद्यकाचा प्राध्यापक. त्याने छताला टांगलेली खुर्ची तयार केली, तिला तराजूचा दांडा जोडला, आणि जेवण, झोप, व्यायाम, शौच यांच्या आधी आणि नंतर वर्षानुवर्षे स्वतःचे वजन केले. त्याचे छोटे पुस्तक १६१४ साली व्हेनिसला छापले. दिवसाला आठ पौंड खाल्ले-प्यायले तर त्यातले सुमारे पाच पौंड न दिसता, त्वचेतून आणि श्वासातून जातात असा त्याचा हिशेब होता. त्या पुस्तकाचा एक भाग संभोगावर आहे. त्यातले निष्कर्ष आज कुणी मानणार नाही, पण प्रश्न विचारण्याची रीत बघा. काय खाल्ले, काय केले, आणि काटा काय म्हणतो.

आमच्याकडे काटा सोन्याचा होता, वर्षातून दोनदा नियमाने वापरला जात होता, आणि नोंदणारे मुन्शीही होते. प्रश्न मात्र कुणी विचारत नव्हते. तरीही एकदा उत्तर आपोआप नोंदले गेले, आणि ते नोंदवले खुद्द रोग्याने.

जहांगीरला दारू आणि अफू यांचे व्यसन होते, आणि त्याने ते आपल्या 'तुझुक'मध्ये लपवलेले नाही. अठराव्या वर्षी सुरुवात, मग दिवसाला वीस प्याल्यांपर्यंत दोनदा गाळलेली दारू, हात इतके थरथरत की प्याला दुसऱ्याने ओठाला लावावा लागे. नंतर प्रमाण कमी केले, सोडले नाही. १६२१ च्या सुमारास दमा आणि छातीचा त्रास वाढला. हकीम बदलले, उपाय बदलले. शेवटी नूरजहानने सूत्रे हातात घेतली; हकिमांपेक्षा तिची समज जास्त, असे तो म्हणतो. तिने प्याले हळूहळू कमी केले आणि न मानवणारे खाणे बंद केले. त्या वर्षीची तुला तिनेच थाटात केली. आणि तिथे तो लिहितो की तब्येत चांगली असताना माझे वजन तीन मण आणि वर एक-दोन शेर असे. यंदा अशक्तपणा आणि रोडपणामुळे दोन मण सत्तावीस शेर भरले.

मंडळी, इथे थांबून बघा. सोने, हिरे, ज्योतिषी, दान, सगळे बाजूला काढले की उरतो तो हा एक आकडा. १२१ शेरांवरून १०७. मण आणि शेर कुठलाही धरा, घट साडेअकरा टक्के. छत्तीस दामांचा जहांगिरी शेर धरला तर सुमारे ९१ किलोवरून ८० किलो. चारशे वर्षांपूर्वीच्या रोग्याच्या आजारपणाची अशी मोजलेली, दिनांकित नोंद जगात फार थोड्या जणांची मिळेल. आणि त्याला तिचे दुःख आहे! आजारी माणसाचे घटलेले वजन ही काळजीची गोष्ट, हे बरोबरच. पण 'चांगल्या तब्येतीचे' तीन मण हेच त्याच्या श्वासावर बसले असतील, अशी शंका घेणारा दरबारात कुणी नव्हता. घ्यायची तरी कुणी? दरबाराचा धंदाच काटा वर गेला की टाळ्या वाजवण्याचा.

आपल्याकडची एक तुला इथे शेजारी ठेवतो. १६७४ च्या राज्याभिषेकात शिवाजी महाराजांचीही सुवर्णतुला झाली. मुंबईहून आलेल्या इंग्रज वकिलाच्या, हेन्री ऑक्झिंडेनच्या, वृत्तांतात आकडा आहे सुमारे सोळा हजार होन. होनाचे वजन टांकसाळीप्रमाणे थोडे बदले; साडेतीन ग्रॅमच्या आसपास धरले तर पंचावन्न किलोच्या घरात. हा आकडा गोळाबेरजेचा आहे, त्यावर पैज लावू नका. पण ४४ वर्षांचा, आयुष्य घोड्यावर आणि गडाच्या पायऱ्यांवर काढलेला माणूस आणि नऊ हजार रुपये वजनाचा बादशहा, यांच्यातला फरक त्या दोन पारड्यांतून कळतो. मला तर यात युद्धाचा अर्धा इतिहास दिसतो, पण तो दुसऱ्या भागाचा विषय.

आता आजचे. इटलीतच, नेपल्समध्ये, ११० लठ्ठ पुरुषांवर एक प्रयोग झाला. निकाल २००४ साली प्रसिद्ध झाले. सगळ्यांना लिंगाच्या ताठरपणाची तक्रार होती, मधुमेह वगैरे नव्हता. निम्म्यांना फक्त सामान्य सल्ला दिला. निम्म्यांना बारकाईने आहार आणि व्यायाम आखून दिला. औषध कुणालाच नाही. दोन वर्षांनी दुसऱ्या गटाचा बीएमआय ३७ वरून ३१ वर आला, आणि त्यांतल्या ५५ पैकी १७ जणांची तक्रार गेली. पहिल्या गटात ती फक्त तिघांची गेली. कारण आज ठाऊक आहे. पोटाची चरबी पुरुषी संप्रेरकाचे स्त्री-संप्रेरकात रूपांतर करते, रक्तवाहिन्या कडक होतात, साखर वाढते. चरकाला संप्रेरके माहीत नव्हती. कृच्छ्रव्यवायता माहीत होती. जाता जाता, हा बीएमआय म्हणजे उंचीच्या वर्गाने वजनाला भागण्याची रीत १८३० च्या दशकात बेल्जियमच्या केतले याने काढली, आणि तिला हे नाव १९७२ साली दिले ते अँसेल कीज आणि त्याच्या सहकाऱ्यांनी. तोच कीज, ज्याने पोरांना अर्धपोटी ठेवले होते.

हे सगळे तुम्हाला इतक्या विस्ताराने सांगण्याचे कारण रस्त्याकडेचे तंबू. प्रत्येक छावणीबाहेर, प्रत्येक मोठ्या स्टेशनबाहेर ते आहेत. 'शाही', 'नवाबी', 'राजवैद्य' अशा पाट्या. मी बटालियन सांभाळत असताना एक हवालदार, चाळिशीतला, पोट सुटलेला, नुकताच रक्तदाब निघालेला, एमआय रूममध्ये आणला गेला. घाम, चक्कर, रक्तदाब एकदम खाली. खिशात काळसर पुडी होती, बाजारातल्या तंबूतून घेतलेली, 'बादशाही नुस्खा'. आरएमओला दाट शंका होती की त्यात मुसळी-बिसळी नावापुरती आणि कुटलेली इंग्रजी गोळी खरी. नैसर्गिक म्हणून विकल्या जाणाऱ्या अशा पुड्यांत छुपे सिल्डेनाफिल सापडल्याचे इशारे अमेरिकेच्या औषध प्रशासनाने वारंवार दिलेले आहेत. हृदयाच्या दुखण्यावरच्या नायट्रेटच्या गोळ्यांबरोबर ते पोटात गेले तर माणूस जाऊ शकतो. आमचा हवालदार वाचला. आरएमओने त्याला पुडीबद्दल एक शब्द न बोलता काट्यावर उभे केले आणि कार्डावर वजन लिहिले. सहा महिन्यांनी तो अकरा किलो खाली होता, आणि तक्रारीबद्दल पुन्हा कुणी विचारले नाही, त्यानेही सांगितले नाही.

अशा औषधांची जाहिरात करणे १९५४ च्या जादूई उपायांविरुद्धच्या कायद्याने गुन्हा आहे. ज्याचे तेल म्हणून बाटली विकतात तो सांडा, वाळवंटातला बिचारा गवतखाऊ सरडा, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे. दोन्ही कायदे तंबूच्या कनातीपाशी येऊन थांबतात. घरच्या उडदाच्या लाडवाला मात्र माझा काही विरोध नाही. एक खा आणि चार किलोमीटर चाला.

गियासशाहचे पुढे काय झाले ते सांगायचे राहिले. जहांगीरने लिहिले आहे की तो ऐंशी वर्षांचा झाला तेव्हा मुलाने, नासिरशाहने, त्याला दोनदा विष दिले. दंडावरच्या जहरमोहऱ्याने तो दोन्ही वेळा वाचला. तिसऱ्यांदा प्याला आला तेव्हा त्याने तो समजून-उमजून घेतला. १६१७ मध्ये मांडूला असताना जहांगीर या खिलजींच्या कबरीवर गेला, बापाच्या खुन्याच्या कबरीला त्याने लाथ मारली, बरोबरच्या लोकांनाही मारायला लावली, आणि शेवटी हाडे उकरून नर्मदेत टाकायचा हुकूम दिला. ती हाडे नदीत गेली. औरंगजेबाने पुढे आपली स्वतःची तुला बंद केली, आणि मोगल बादशहांच्या वजनाची नोंदही हळूहळू थांबली.

मांडूला जाणार असाल तर पावसाळ्यात जा. जहाज महालाच्या दोन्ही बाजूंची तळी तेव्हा भरलेली असतात आणि वाटेवर गोरखचिंचेची टणक फळे विकायला बसलेले असतात. तुमच्या प्रश्नांपैकी शिलाजितावरचा आणि अफूच्या माजूनावरचा प्रश्न वेगळा ठेवला आहे. बाबराच्या आठवणी हाताशी घेऊन तो पुढच्या भागात घेतो.

जय हिंद.